पोराने मांजर बुडवलं तर आधी घराकडे बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगते. थोरल्या बहिणीचा मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. गणपतीत तुम्ही त्यांच्या गावी गेला होतात. दुपारी परड्यात आवाज आला म्हणून बघितलं, तर त्याने मांजराचं पिल्लू खताच्या रिकाम्या पोत्यात घातलं होतं. पोतं हौदात बुडवायचं, थोडं थांबून वर काढायचं, पुन्हा बुडवायचं. तुम्ही पिल्लू सोडवलंत. का केलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, "बघत होतो." मोठमोठे खुनी लहानपणी प्राण्यांचे हाल करायचे, असं तुम्ही एका व्हिडिओत ऐकलं होतं आणि तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. हा पुढे तसा निघेल का आणि त्याला आत्ताच डॉक्टरला दाखवावं का, असं तुम्ही विचारलंय.

आणि शेवटाकडे, जाता जाता, तुम्ही आणखी एक वाक्य लिहिलंय: "तसं त्यांच्याकडे जनावर टिकतच नाही, गेल्या वर्षी ताईने बचत गटाच्या कर्जातून घेतलेली गाभण शेळी दाजींनी पिऊन येऊन कुऱ्हाडीच्या दांड्याने मारली, पण तो वेगळा विषय."

मी जिल्ह्याच्या ठिकाणी कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. घरात मार खाणाऱ्या बायका आणि त्यांच्याबरोबर आलेली मुलं, हे माझं रोजचं काम. मला तो वेगळा विषय वाटत नाही. मांजरापेक्षा शेळीचं वाक्य वाचून मला जास्त काळजी वाटली. हा मुलगा पुढे काय होईल याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. त्या घरात आत्ता काय चाललंय याचं उत्तर मात्र शोधता येतं, आणि तुमच्या बहिणीच्या दृष्टीने आज तेच जास्त गरजेचं आहे.

आधी ते खुन्यांचं प्रकरण निकालात काढू, म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागेल. या समजुतीचं मूळ १९६३ साली जॉन मॅक्डोनल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी लिहिलेल्या एका लेखात आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये त्यांनी "जीव घेईन" अशा धमक्या दिलेले शंभर रुग्ण तपासले. त्यातल्या काहींच्या लहानपणी तीन गोष्टी एकत्र दिसल्या असं त्यांनी नोंदवलं: वय वाढलं तरी अंथरूण ओलं करणं, आगी लावणं आणि प्राण्यांचे हाल करणं. अभ्यास धमक्या देणाऱ्यांचा होता, खून करणाऱ्यांचा नव्हता. पुढे इतरांनी पडताळून पाहिलं तेव्हा हे त्रिकूट भविष्य सांगायला उपयोगी ठरलं नाही, आणि खुद्द मॅक्डोनल्ड यांनाही नंतरच्या कामात तो संबंध ठामपणे दाखवता आला नाही. पण त्रिकूट ऐकायला सुटसुटीत आहे, त्यामुळे गुन्हेगारीच्या मालिकांनी ते डोक्यावर घेतलं. त्यापायी अंथरूण ओलं करणाऱ्या किती बिचाऱ्या पोरांकडे आईबाप संशयाने बघत असतील, कोण जाणे.

त्यात गणित उलटं लावलं जातं हा आणखी एक घोळ. पकडल्या गेलेल्या खुन्यांचं लहानपण उकरलं तर काहींच्या बाबतीत प्राण्यांचा छळ सापडतो, हे खरं. पण लहानपणी कधीतरी सरड्याला दगड मारलेली, चतुराच्या शेपटीला दोरा बांधलेली, कुत्र्यामागे फटाक्याची माळ सोडलेली पोरं मोजायला गेलात तर अर्धं गाव निघेल. त्यातली बहुतेक पुढे साधीसरळ संसारी माणसं होतात. मागे वळून बघताना जो धागा ठळक दिसतो, तो पुढे बघताना दिसेलच असं नाही.

मग संबंध नाहीच का? आहे, आणि चांगला पक्का आहे. फक्त व्हिडिओवाले सांगतात तिथे नाही. १९९९ साली समाजशास्त्रज्ञ आर्लुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्समधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या छळाबद्दल खटला भरलेली १५३ माणसं घेतली आणि त्यांच्याच शेजारपाजारची, त्यांच्याशी वयाने वगैरे जुळणारी दुसरी १५३ माणसं घेतली. मग दोघांच्याही गुन्ह्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. छळ करणाऱ्यांच्या नावावर माणसांवरच्या हिंसेचे गुन्हे सुमारे पाचपट निघाले. चोऱ्या, अमली पदार्थ, दंगामस्ती, हेही त्यांच्याकडे जास्तच. पण आधी प्राणी, मग माणूस, असा ठरलेला क्रम काही दिसला नाही. कित्येकांनी माणसांवर हात आधीच टाकलेला होता. म्हणजे जनावर मारणारा माणूस पुढे कधीतरी माणसाला मारेल असं समजून वाट बघत बसणं चुकीचं. तो बहुधा तेव्हाच, त्याच घरात, कुणाला तरी मारत असतो.

घरांवरचे अभ्यासही हेच सांगतात. न्यू जर्सीत १९८३ साली मुलांच्या छळाची किंवा हेळसांडीची नोंद झालेली आणि घरात प्राणी असलेली ५३ कुटुंबं तपासली. त्यातल्या ६० टक्के घरांत प्राण्यांचेही हाल होत होते. जिथे मुलांना प्रत्यक्ष मारहाण होत होती तिथे हे प्रमाण ८८ टक्के होतं. मानसशास्त्रज्ञ फ्रँक ॲसिओन यांनी १९९८ साली यूटामध्ये आसरागृहातल्या ३८ बायकांशी बोलून माहिती काढली. ज्यांच्याकडे पाळीव प्राणी होते त्यांच्यापैकी ७१ टक्के जणींनी सांगितलं की नवऱ्याने किंवा जोडीदाराने प्राण्याला मारायची धमकी दिली होती, किंवा खरंच इजा केली होती, जीव घेतला होता. आकडे लहान गटांचे आहेत, देश वेगळा आहे, आणि आसरागृहापर्यंत पोचलेली बाई सगळ्यात वाईट हालातून आलेली असते. म्हणून हे टक्के उचलून आपल्या गावांना चिकटवू नका. पण हा संबंध तिथल्या पोलिसांनाही इतका महत्त्वाचा वाटला की २०१६ पासून एफबीआय प्राण्यांवरच्या क्रौर्याची वेगळी नोंद ठेवू लागली. आपल्याकडे अशी नोंद नाही.

जाता जाता सांगते, हा धागा जुना आहे. १८७४ साली न्यू यॉर्कमध्ये मेरी एलन नावाच्या मुलीला सांभाळणारी बाई तिला अमानुष मारते हे कळूनही मध्ये पडायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मदत मागितली गेली ती प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध संस्था काढणाऱ्या हेन्री बर्ग यांच्याकडे. त्या खटल्यातून मुलांच्या संरक्षणासाठी वेगळी संस्था उभी राहिली. परळचं बैलघोड्यांचं हॉस्पिटल चालवणारी मुंबईची संस्थाही १८७४ सालचीच. जनावराच्या बाजूने उभी राहणारी माणसं आधी तयार झाली, पोरांच्या बाजूची नंतर.

आता शेळीकडे येते.

तुमच्या बहिणीची शेळी म्हणजे नुसतं जनावर नव्हतं. कर्ज तिच्या नावावर, हप्ता तिच्या डोक्यावर, करडं झाली असती तर हातात आलेला पैसा तिचा. कुणाकडे हात न पसरता पोराची वही घेता यावी एवढी मोकळीक त्या दाव्याला बांधलेली होती. ती शेळी मारली म्हणजे बहिणीच्या अंगाला हात न लावता तिला मारलं. वर हप्त्याचा बोजा: शेळी गेली तरी गटाचे पैसे भरायचेच.

"पिऊन आले होते, भान नव्हतं," हे तुमची ताई म्हणेल, तिची सासू तर नक्कीच म्हणेल. मी अशा वेळी एक साधी गोष्ट विचारते: त्याच रात्री दावणीला आणखी कुठली जनावरं होती? आमच्या भागात हे उत्तर फार बोलकं असतं. शर्यतीचा खोंड असतो, त्याला नवऱ्याने स्वतःच्या हाताने खुराक घातलेला असतो, त्याच्या अंगावर कधी चाबूक उठलेला नसतो. मालकाची म्हैस असते, तिला धक्का नाही. मरते ती बायकोची शेळी, नाहीतर मुलीने पाळलेलं कोकरू. भान गेलेल्या माणसाला दावणीतलं नेमकं जनावर कसं सापडतं? दारूने हात सैल होतो, पण हात कुणावर उचलायचा हे दारू ठरवत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं की सगळं सुटेल असं मानणाऱ्या नातेवाइकांशी माझं इथेच वाजतं. दारू सुटली तर चांगलंच. पण दारू सोडूनही बायकोवर वचक ठेवणारे मी पाहिलेत.

एक उदाहरण देते, ओळख पटेल असं सगळं वगळून. नवरा मारतो का, या प्रश्नावर ती बाई ठामपणे नाही म्हणाली. खरंच अंगावर वळ नव्हता. घरात जनावर काय आहे असं विचारलं, तर ती गप्प झाली आणि मग सांगायला लागली. घरात कुत्रा होता, मुलांचा लाडका. नवरा त्याच्या गळ्यातली साखळी भिंतीतल्या हुकाला अशी अडकवायचा की कुत्र्याचे पुढचे पाय जमिनीवरून उचलले जायचे. मग शांतपणे बायकोला म्हणायचा, मोबाईलचा लॉक सांग. ती सांगायची. तिच्या कागदपत्रांत 'मारहाण' असं लिहायला काही नव्हतं, पण त्या घरात सगळे त्या हुकाकडे बघून वागत होते. तिचा धाकटा मुलगा शाळेत दुसऱ्या मुलांना टायने धरून उचलायला बघतो, अशी तक्रार वर्गाच्या बाईंनी केली होती. शाळेला वाटत होतं की तो टीव्ही फार बघतो.

तेव्हापासून मी "नवरा मारतो का" हा प्रश्न नंतर विचारते. आधी, घरात जनावर कुठलं, त्याचं कोण करतं, त्याला कोण मारतं, हे. स्वतःबद्दल बोलायला लाजणारी बाई गाईबद्दल मोकळेपणाने बोलते. आणि जनावरामुळेच ती घर सोडत नाही, हेही तेव्हाच कळतं. "मी गेले तर वैरण कोण टाकणार, धार कोण काढणार, तो उपाशी मारेल त्यांना." शहरातल्या लोकांना ही सबब वाटते. ती सबब नाही. आपल्याकडच्या महिलांच्या निवासगृहात मुलं घेऊन जाता येतं, शेळ्या घेऊन कशा जाणार? त्यावरचा तोडगा आपल्या पद्धतीतच आहे: माहेरच्या गावात किंवा गटातल्या विश्वासाच्या बाईला शेळ्या अर्धलीने सांभाळायला द्यायच्या. करडं निम्मी-निम्मी. गावाला त्यात काही वावगं वाटत नाही, नवऱ्यालाही थेट आव्हान वाटत नाही, आणि जनावर वाचतं.

मुलाकडे वळण्याआधी एक खबरदारी, कारण या विषयावर लिहिलं की लोक भलतीकडे पळतात. पोटासाठी जनावर मारणं म्हणजे हे नव्हे. खाटकाचा मुलगा सुरी धरायला शिकतो, धनगराचं पोर मेंढराला डाग देताना पाय धरतं, शेतकरी बैलाला वेसण घालतो, कोंबडी कापली जाते. यात वेदना आहे, आणि ती कमी कशी करता येईल यावर बोलावंच. पण त्यातून ती माणसं घरात हिंसक असतात असा निष्कर्ष निघत नाही. या देशात १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांची सुटका १९५२ साली झाली, आणि पारध्यांच्या पोराकडे आजही गाव कसं बघतं हे मी सांगायला नको. प्राण्यांच्या छळाचं हे ज्ञान कुणाच्या जातीवर, धंद्यावर वापरू नका. तसंच सोसायटीत भटक्या कुत्र्यांवरून भांडणं होतात तेव्हा "आज कुत्र्याला काठी मारली, उद्या आमच्या पोरांना मारेल" असं लिहायची फॅशन आलीय. चावऱ्या कुत्र्याला घाबरून हाकलणारा म्हातारा आणि बायकोसमोर तिची शेळी मारणारा नवरा यांना एका रांगेत बसवू नये. मी बघते ते इतकंच: काम करताना वेदना झाली, की वेदना देणं हेच काम होतं? आणि ती कुणाला दाखवायची होती?

आता तुमचा भाचा. दहा वर्षांच्या मुलाला पिल्लाचा जीव घुसमटतो हे कळतं. तीन-चार वर्षांचं मूल मांजराचं शेपूट ओढतं तेव्हा ते खेळणं समजून ओढतं, इथे तसं म्हणता येत नाही. पण एका प्रसंगावरून मी निदान करणार नाही आणि कुठल्याही शहाण्या डॉक्टरने करू नये. प्राण्यांशी शारीरिक क्रूरपणा हे वर्तनविकाराचं एक लक्षण म्हणून १९८७ पासून अमेरिकी निदानपुस्तिकेत आहे, हे खरं. पण त्या यादीत पंधरा लक्षणं आहेत आणि निदानाला वर्षभरात किमान तीन दिसावी लागतात.

मी काय काय विचारीन ते सांगते. हे पहिल्यांदाच, की आधीही झालंय? एकटा होता, की पोरांच्या घोळक्यात शेखी मिरवत होता? घोळक्यातला मूर्खपणा मला एकांतातल्यापेक्षा कमी घाबरवतो. पिल्लू ओरडल्यावर त्याचा हात थबकला का? तुम्ही गेल्यावर दचकला, लाजला, रडला, की नुसता बघत राहिला? पिल्लू परकं होतं की त्याचंच लाडकं? हे शेवटचं विचित्र वाटेल, पण मुलं कधी कधी आपल्या लाडक्या प्राण्यालाच मारतात, कारण दुसऱ्याच्या हातून त्याचे हाल होणार हे त्यांना माहीत असतं. कधी मोठं कुणीतरी त्यांना ते करायला लावतं. कधी स्वतः सोसलेलं ती प्राण्यावर जसंच्या तसं करून बघतात.

तुमच्या वर्णनात मी नेमकी या शेवटच्या शक्यतेपाशी थांबले. पोत्यात घालणं, बुडवणं, थांबणं, वर काढणं. दहा वर्षांच्या मुलाला सहज सुचावी अशी ही पद्धत नाही, आणि त्याचं उत्तर "बघत होतो" असं आहे. त्याचं डोकं कुणी हौदात दाबलं होतं का, आईचं दाबताना त्याने पाहिलं का, कुणा भावंडाचं? कदाचित यातलं काहीच नसेल. मोबाईलवर काही बघितलं असेल, किंवा गावात नको असलेली पिल्लं बुडवून मारतात ते पाहिलं असेल, हेही होतं. मी इथून छातीठोक सांगू शकत नाही. पण विचारल्याशिवाय सोडू नका.

विचारायचं कसं? समोरासमोर बसवून "खरं सांग" असं नाही. बरोबर चालताना, शेंगा फोडताना, दोघांचे हात कामात आणि नजर दुसरीकडे असताना. "त्या दिवशी पिल्लाला पोत्यात टाकलंस ना, तसं कुठं बघितलं होतंस?" एवढंच. 'का केलंस' विचारू नका; 'का'चं उत्तर त्याच्याकडेही नसतं आणि त्याला तो खटला वाटतो. काही बोललाच तर तोंडावर हाय हाय करू नका, लगेच "मी तुझ्या बाबांना विचारते" असं तर अजिबात म्हणू नका. "बरं केलंस सांगितलंस" म्हणा आणि तेवढ्यावर थांबा. गुपित ठेवीन असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला मोडावं लागेल.

आणि काही गोष्टी टाळाच. मारून शिकवू नका. दुबळ्याला मारून वळण लागतं हा धडा तो आधीच शिकतोय. नातेवाइकांत, घरच्या ग्रुपवर त्याची गोष्ट पसरवू नका, "हा खुनी होणार" हे त्याच्या कानावर पडता कामा नये. माया लागावी म्हणून त्याला नवं पिल्लू आणून देऊ नका, तो प्रयोग पिल्लाच्या जिवावर होतो. मोठ्या माणसाच्या देखत, कोंबड्यांना दाणे टाकणं, गाईला पाणी दाखवणं अशी कामं दिली तर चालतील, आणि ती नीट केली तर तसं म्हणून दाखवा.

डॉक्टरकडे न्यावं का? पुन्हा झालं, लपूनछपून तयारीने झालं, त्यात मजा वाटताना दिसली, बरोबर आगी लावणं किंवा लहान भावंडाला दुखवणं असेल, तर वेळ घालवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. प्राण्याशी लैंगिक स्वरूपाचं काही करताना मूल दिसलं, तर मूल बिघडलं असं समजण्याआधी त्याच्याशी कुणी तसं केलंय का हे तपासायला हवं. तसा संशय असेल तर मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाला घरात मारहाण होत असल्याचं कळलं तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ लावा. तिथून बालकल्याण समितीपर्यंत बाब जाते. मुलाला लगेच उचलून नेतात ही भीती लोकांना असते. समितीचा पहिला प्रयत्न मूल घरात सुरक्षित राहील का हे पाहण्याचा असतो.

तोवर आपण इथवर आलो: मुलगा खुनी होईल ही भीती बाजूला ठेवायची, त्याच्याशी सावकाश बोलायचं, आणि खरा तपास शेळीपासून सुरू करायचा. त्या तपासात कायदा कुठे उपयोगी पडतो ते बघू, कारण "जनावराचं कोण पोलिसांत देतं?" हे बहीण म्हणणारच.

प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. बरोबर वाचलंत. म्हणून त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ जास्त कामाचं आहे: प्राण्याला मारून टाकणं, विष देणं, लुळंपांगळं करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडविधानात प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये असा हिशेब होता, तो गेला. "माझ्या घरची शेळी, मी मारली" हा बचावही चालत नाही. वस्तू स्वतःची किंवा दोघांच्या मालकीची असली तरी दुसऱ्याचं नुकसान व्हावं म्हणून केलेलं कृत्य गुन्हाच ठरतं. मात्र तुमचा प्रसंग त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुनं कलम ४२९ लागेल.

तरीही माझा अनुभव असा की बायकांना फौजदारीपेक्षा २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा जास्त पेलतो. त्यात पाळीव जनावराचा शब्दशः उल्लेख नाही, आणि तो असायला हवा असं माझं मत आहे. पण आर्थिक छळाची व्याख्या पुरेशी रुंद आहे: बाईच्या मालकीची, तिच्या उपजीविकेची वस्तू नष्ट करणं त्यात बसतं. कलम २० खाली नष्ट केलेल्या मालमत्तेची भरपाई मागता येते, म्हणजे शेळीची किंमत मिळू शकते. कलम १८ खाली पुन्हा असं करू नये असा आदेश मिळतो, आणि घर न सोडता हे सगळं मागता येतं. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या तारखेला ती कंटाळून जाईल.

सुरुवात या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडून होते. ते कौटुंबिक घटना अहवाल भरतात. त्यात शेळीचा प्रसंग लिहून घ्या, आणि नुसतं "शेळी मारली" असं नको. तारीख किंवा निदान कुठला सण जवळ होता ते, शेळी कुणाच्या पैशाची, गटाच्या वहीतली कर्जाची नोंद, हप्ते किती राहिलेत, मारताना मुलं कुठे उभी होती, मारण्याआधी आणि नंतर तो काय म्हणाला. "आता तुझा नंबर," हे वाक्य अशा वेळी पुष्कळदा उच्चारलेलं असतं, आणि ते कुणी लिहून घेत नाही. पुढे देव न करो पुन्हा काही झालं, तर जनावर पुरण्याआधी फोटो काढा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. तो दाखला कोर्टात बोलतो. गावचे पशुवैद्य तसेही खूप जाणून असतात. एकाच गोठ्यात पुन्हा पुन्हा "पडून पाय मोडलेलं" वासरू बघितल्यावर त्यांना घराचा अंदाज आलेला असतो. विचारा त्यांना.

तुम्ही मावशी आहात, तक्रार तुमची नाही, तरी याच कायद्याच्या कलम ४ नुसार कुणालाही संरक्षण अधिकाऱ्यांना माहिती देता येते आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर काही येत नाही. पण बहिणीशी बोलल्याशिवाय हे करू नका, जिवाला धोका दिसत असेल तर मात्र पोलिसांचा ११२ लावताना कुणाची परवानगी लागत नाही. मारणारा माणूस बाई निघून जायच्या बेतात असते तेव्हाच सगळ्यात जास्त बिथरतो. म्हणून तुम्ही पुढच्या वेळी जाल तेव्हा दाजींना शेळीचा जाब विचारू नका. त्याची किंमत तुम्ही परत निघाल्यावर ती मोजेल.

बहिणीशी बोलायला सुरुवातही मुलापासून करू नका. "तुझ्या पोराने असं केलं" म्हटलं की ती आई म्हणून बचावात उतरेल आणि दार बंद. शेळीपासून करा. गटाचा हप्ता अजून चालू आहे का, विचारा. मग त्या रात्री काय झालं ते तिला पूर्ण सांगू द्या, मध्ये सल्ला नको. त्यानंतर, "त्याआधीही कधी असं?" हे सगळं प्रत्यक्ष भेटीत, किंवा दाजी कामावर गेल्यावर फोनवर. व्हॉट्सॲपवर यातलं अक्षरही लिहू नका, तिचा फोन कोण बघतं हे तुम्हाला माहीत नाही. महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर तिला तोंडपाठ करायला सांगा, सेव्ह करायला नको. आणि ती आता उरलेली जनावरं कुठे ठेवता येतील याबद्दल बोलायला तयार झाली, तर मला पुन्हा लिहा; अर्धलीचा करार गटाच्या वहीत कसा नोंदवायचा ते सांगेन, म्हणजे मालकी तिच्याच नावावर राहील.